भोसरीत प्रेसवर भावाची दोन बोटं गेली. मालक लाख रुपये देऊन स्टँपपेपरवर सही मागतोय. करावी का?

करू नका. निदान दवाखान्यात असताना तरी नाहीच.

माझीही दोनच गेली. उजव्या हाताची, अंगठ्याशेजारची. ऑगस्ट 2020, भोसरीतच, सात माणसांचं जॉबवर्कचं शेड. लॉकडाऊन उठल्यावर माल तुंबलेला, पत्रा दाबून पीस काढणारा जुना मेकॅनिकल प्रेस. पीस काढायला हात घातला, पाय पायडलवर नव्हता, तरी प्रेसने डबल स्ट्रोक मारला, म्हणजे आपोआप पुन्हा खाली आला. क्लचबद्दल मी आठवडाभर ओरडत होतो.

चौथ्या दिवशी मामा आले, बरोबर मालकाचा माणूस. मामांनीच मला तिथं चिकटवलेलं, त्यामुळे त्यांचा शब्द मोडायची सोय नव्हती. 80,000 रोख आणि "यापुढे माझी काहीही मागणी नाही" असं टाइप केलेला स्टँपपेपर. उजव्या हाताला बँडेज, म्हणून डावा अंगठा लावला. औंधच्या आयटीआयमधून फिटर झालेला माणूस मी, आणि अंगठेबहाद्दर! मामा म्हणाले, "मालकानं माणुसकी दाखवली. कोर्टात गेलास तर चपला झिजतील."

दीड वर्षाने एका वकिलांनी त्यांच्या टेबलावर हिशोब मांडला. तेव्हा लागू असलेल्या 1923च्या भरपाई कायद्यात एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता 20 टक्के गेली असं परिशिष्टातच छापलेलं होतं. पगार माझा 16,500, पण कायदा 15,000च्या वर धरत नव्हता. त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000. तीस वर्षं वयाचा गुणक 207.98. गुणाकार 18,71,820, त्याचे 20 टक्के 3,74,364. दवाखान्याचा खर्च वेगळा, तोही मालकाकडेच. महिन्याच्या आत दिले नाहीत तर 12 टक्के व्याज. मामांची माणुसकी यात कुठल्या ओळीत बसते ते मला अजून सापडलेलं नाही.

आणि तो स्टँपपेपर? त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे कामगाराने हक्क सोडल्याचा असला करार रद्दबातल होता. तडजोड करायचीच तर तिचा मसुदा कलम 28 खाली भरपाई आयुक्तांकडे नोंदवावा लागायचा. आपल्याकडे आयुक्त म्हणजे कामगार न्यायालयच.

मी दावा लावल्यावर मालकाने तिथं सांगितलं की गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेली आडकाठी, मीच काढला होता. मुद्दाम गार्ड काढला असेल तर अशा दुखापतीत भरपाई खरंच जाऊ शकते, पण ते मालकाने सिद्ध करायचं असतं. गार्ड काढायला सांगणारा सुपरवायझरच होता, कारण गार्ड लावला की तासाचे पीस कमी पडतात. माझ्या फोनमध्ये क्लचच्या तक्रारीचे मेसेज होते, त्याला पाठवलेले. तुमच्या भावाचा फोन जपून ठेवा, हजेरीचे फोटो, पगाराच्या बँकेतल्या नोंदी, सगळं.

2024 मध्ये मिटलं. आधीचे 80,000 वजा करून 2,90,000 घेतले आणि व्याज सोडलं. पोरीच्या शाळेची फी तोंडावर होती, बायको म्हणाली पुरे. यावर मामा प्रत्येक लग्नात ऐकवतात, "शेवटी तूही तडजोडच केलीस ना?" केली, मामा. पण न्यायाधीशांसमोर, आकडा माहीत असताना, स्वतःच्या सहीने. खाटेवर अंगठा लावून नाही.

आता जे आधी विचारायला हवं होतं ते. भावाच्या कारखान्यात दहा किंवा जास्त माणसं असतील आणि पगार 21,000 पर्यंत असेल, तर प्रकरण ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेचं. तिथं माझा हिशोब लागू नाही. त्यांचं मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि साधारणपणे एकरकमी नाही, दरमहा पैसे मिळतात. ठेकेदाराकडून असेल तर मुख्य कंपनीलाही दाव्यात पार्टी करता येतं. माझ्या वेळी अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, त्यामुळे अपघाताची तारीख घेऊन वकिलाकडे जा, माझी कलमं घेऊन नको.

लाख रुपये औषधपाण्यासाठी देत असतील तर घ्या, बँकेतूनच, आणि "उपचाराचा खर्च" असं लिहून. भावाचं वय आणि नेमकी कुठल्या पेरापर्यंत गेली ते इथं टाका, आकडा काढून देतो. आणि सही करा म्हणणारा घरचाच कोणी असेल, तर त्याला हे उत्तर वाचायला द्या.