नव्या गाडीत जुनं इंजिन: वाचलेले पैसे कुठं जातात?

शिरोलीच्या एका ट्रकमालकांचा प्रश्न आहे. गाडी 2021 ची, बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी मापदंड; आकडा मोठा तितका कडक), सहाचाकी. चाकणला कास्टिंग उतरवून परत येताना खंबाटकीच्या चढाला रेडिएटरचा होज फुटला, ड्रायव्हरनं गाडी तशीच रेटली आणि इंजिन जाम झालं. कंपनीच्या वर्कशॉपनं नव्या इंजिनाचे 6 लाख 10 हजार सांगितले. उद्यमनगरातले एक मेस्त्री हेच इंजिन 3 लाख 40 हजारांत, 25 दिवसांत उभं करून देतो म्हणतात. तिसऱ्या एकानं बीएस-3 च्या गाडीचं जुनं, साध्या पंपाचं इंजिन 2 लाख 10 हजारांत बसवून आठ दिवसांत गाडी बाहेर काढतो असा शब्द दिलाय. वर त्याचं म्हणणं, "सेन्सरची कटकट नाही, युरिया नाही, कुठल्याही गॅरेजला दुरुस्त होतंय." (युरिया म्हणजे बीएस-6 गाडीत धूर साफ करायला लागणारं द्रावण.) कर्जाचे 18 हप्ते बाकी आहेत, महिना 41,000. बँकेत 2 लाख 20 हजारांची एफडी आहे.

तुमचा वैताग मला समजतो. बीएस-6 गाडीचा सायलेन्सर चोक झाला किंवा युरियाचा सेन्सर गेला की गाडीची ताकदच कमी होते, आणि लॅपटॉप लावल्याशिवाय मेस्त्रीलाही काही सुधरत नाही. साधं इंजिन हवंसं वाटणं साहजिक आहे. तरी माझं उत्तर नाही असंच आहे, आणि कारण आधी हिशेबाचं आहे, कायद्याचं नंतर.

तुमच्याच आकड्यांनी बघू. डिझेल, ड्रायव्हर, टोल वजा जाता महिन्याला 65,000 उरतात असं तुम्ही लिहिलंय. मेस्त्रींकडे गाडी 17 दिवस जास्त उभी राहणार, म्हणजे साधारण 37 हजारांचं भाडं बुडणार. दोन कामांतला फरक 1 लाख 30 हजार. एकूण 1 लाख 67 हजार झाले. उरलेल्या 18 हप्त्यांवर वाटले तर महिन्याला सव्वानऊ हजार. जुनं इंजिन तुम्हाला एवढंच वाचवून देतं.

आता त्याची किंमत. 1 एप्रिल 2020 नंतर नोंदलेली गाडी बीएस-6 म्हणूनच आरसी बुकावर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानंही तेच उचलून धरलं. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन आरटीओच्या मंजुरीनं बदलता येतं, बीएस-6 मध्ये बीएस-3 नाही. कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटेल. पण आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दर दोन वर्षांनी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी असते. तिथं इंजिनाचा नंबर आरसीशी जुळला नाही की गाडी उभी, आणि हप्ता काही उभा राहत नाही. "एजंट बघून घेतो" हे वाक्य मी खूप ऐकलंय. एजंट एकदा बघतो, पुढच्या पासिंगला परत पैसे मागतो.

त्याहून मोठी भीती विम्याची. हायवेवर कुणी दगावलं, सर्वेअरनं बॉनेट उघडलं आणि बीएस-6 च्या चॅसीवर बीएस-3 चं इंजिन दिसलं, की स्वतःच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. तिसऱ्या माणसाच्या भरपाईचा वादही तुमच्या गळ्यात येऊ शकतो. त्या वेळी ट्रकच नाही, घर आणि शेतही पणाला लागतं.

माझ्याकडं येणाऱ्या एका गृहस्थांनी असंच इंजिन आणलं होतं. ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्यावर, जिथं नंबर ठोकलेला असतो ती जागा हाताला अगदी गुळगुळीत लागत होती; ग्राइंडर फिरवलेला. इन्स्पेक्टरनं कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसा कोराच. इंजिन कुणाच्या गाडीचं, हे सांगायला पक्कं बिलही नव्हतं. पुढचे चार महिने त्यांनी भाडी सोडून चकरा मारल्या.

तेव्हा माझं मत मेस्त्रींच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर. आधी फक्त इंजिन उघडून मापं घ्यायला सांगा आणि त्याचेच पैसे द्या. ब्लॉकला तडा नसेल, क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) घासून मापात बसत असेल, तर पुढं जा. ब्लॉकच गेला असेल तर गाडी आहे तशी विकून कर्ज फेडण्याचा हिशेब मांडू. 6 लाखांचं इंजिन घालून तुमच्या उत्पन्नात ते वसूल होताना मला दिसत नाही.

पैसे असे उभे करा. दुरुस्तीचे 3 लाख 40 हजार आणि गाडी उभी असतानाचा एक हप्ता, मिळून 3 लाख 81 हजार. एफडी वापरा. उरलेल्या साधारण 1 लाख 60 हजारांसाठी घरातलं सोनं गहाण ठेवा, आधी घरात विचारून. दरसाल 10 टक्के धरले तर सुरुवातीला व्याज महिना साधारण 1,300 रुपये. गॅरेजची उधारी किंवा भिशी उचलू नका. हप्ता जाऊन उरणाऱ्या 24,000 मधून महिना आठ हजार मुद्दल फेडलीत तर वीस महिन्यांत सोनं घरी येतं, आणि म्हशींच्या दुधावर घरखर्च चालतो असं तुम्हीच लिहिलंय.

दुरुस्तीचं बिल दाखवून टॅक्स वाचेल, या सल्ल्यावर जाऊ नका. तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीनं रिटर्न भरता. त्यात 12 टनांवरच्या गाडीला टनामागे महिना 1,000 रुपये उत्पन्न धरलं जातं, गाडी गॅरेजला उभी असली तरी. दुरुस्ती वेगळी वजा होत नाही. बिल मात्र पक्कंच घ्या, गाडी विकताना ते दाखवता येतं.

आणि इंजिन उघडायच्या आधी ब्लॉकवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. उद्या त्याच बनावटीचा ब्लॉक बदलावा लागला तर आधी फायनान्सवाल्यांची लेखी संमती, मग आरटीओची मंजुरी, आणि बदल झाल्यावर 14 दिवसांच्या आत आरसीवर नोंद.