कलिंगडाला फुलं भरपूर, फळ मात्र धरेना

प्रश्न (मखमलाबाद, नाशिक): घरामागच्या परसात डिसेंबरात कलिंगड लावलं. वेल उशिरा वाढला, आता फुलं भरपूर आहेत. पण फळ बोराएवढं झालं की पिवळं पडून गळतं. खत कोणतं द्यावं?

उत्तर: खत सध्या नकोच. युरिया दिलात तर वेल नुसता माजेल. अडचण परागीभवनाची दिसते.

कलिंगडाला आधी नर फुलं येतात. ती गळणारच, त्यांची चिंता नको. मादी फुलाच्या देठाकडे बारीक, लव असलेलं फळ आधीपासूनच दिसतं. हे फूल एकच दिवस उमलतं आणि त्याचा खरा उपयोग सकाळीच. तेवढ्यात मधमाशी फिरकली नाही, की ते फळ पिवळं पडतं. शेजारी द्राक्षबागेत फवारण्या चालू असतील तर माश्या आणखी कमी होतात.

मग हे काम आपणच करायचं. सकाळी ९ च्या आत ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि त्यातले पराग मादी फुलाच्या मधल्या तिन्ही भागांना हलकेच लावा. एकाच बाजूला लागले तर फळ वाकडं होतं. घरातली मुलं हे आपल्यापेक्षा नीट करतात, असा माझा अनुभव आहे. वेलावर २ फळं ठेवा, बाकीची खुडा. कीटकनाशक सकाळी मारू नका. गरज पडलीच तर संध्याकाळी ५ टक्के निंबोळी अर्क पुरे. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाचा, सापळा टांगा.

पुढच्या वेळी डिसेंबरात बी टोकू नका. आपल्याकडे, विशेषतः निफाडच्या बाजूला, पारा एक आकडी होतो आणि थंड मातीत बी कुजतं. जानेवारीअखेर ते फेब्रुवारी बरं. परसासाठी ‘शुगर बेबी’ हे वाण सोयीचं, फळ आटोपशीर असतं. बाजारातल्या संकरित फळाचं बी जपून ठेवू नका, तसंच फळ मिळत नाही.

फळ धरल्याची तारीख लिहून ठेवा. शुगर बेबी साधारण ३० ते ३५ दिवसांत तयार होतं. नुसतं टिचकी मारून ठरवू नका. फळाच्या देठाजवळचा तणावा (वेलाचा गुंडाळणारा बारीक तंतू) वाळलेला आणि जमिनीला टेकलेला पांढुरका डाग पिवळसर झालेला, या दोन्ही खुणा पाहा. घाई नको, कारण तोडल्यावर कलिंगड आणखी गोड होत नाही. तोडणीआधी आठवडाभर पाणी कमी करा. आधी ताण देऊन मग एकदम भरपूर पाणी सोडलं तर फळ तडकतं. गर खाऊन झाला की सालीलगतचा पांढरा भाग किसून थालीपिठात घाला, छान लागतो.