टोकियोत सत्तरीचे आई-वडील आणि पाच वर्षांची मुलगी यांना घेऊन टीमलॅब प्लॅनेट्सला (पाण्या-प्रकाशातून चालत पाहायचं डिजिटल कलाप्रदर्शन) जावं का? अंधार, पाणी, चालणं त्यांना झेपेल का?

नक्की जा. आम्ही टोकियोतल्याच निशी-कासाई भागात राहतो. आई-बाबा रत्नागिरीहून आले होते तेव्हा अगदी तुमच्यासारखाच लवाजमा घेऊन गेलो होतो: आई अडुसष्टची, बाबा त्र्याहत्तरचे (उजवा गुडघा दुखरा), लेक पाच वर्षांची. मलाही हीच धाकधूक होती.

जायला आम्ही मुद्दाम शिम्बाशी स्टेशनहून युरिकामोमे ही गाडी घेतली. जरा लांबून पडते, पण या गाडीला चालक नसतो, त्यामुळे सगळ्यात पुढची जागा मिळाली की समोर नुसती काच. खाडीवरचा रेनबो ब्रिज आला तेव्हा लेकीपेक्षा बाबाच जास्त पुढे सरकून बसले होते. शिन-तोयोसू स्टेशनला उतरलात की प्रदर्शन अगदी जवळ, म्हाताऱ्या माणसांना पायपीट नाही.

आता मुख्य गोष्ट. आत शिरतानाच बूट-मोजे काढून लॉकरमध्ये ठेवावे लागतात आणि पुढे अनवाणी चालायचं. सुरुवातीलाच अंधारा चढ आहे, त्यावरून पाणी वाहत खाली येतं. वयस्कर माणसाचा हात इथे सोडू नका. मोठ्यांच्या गुडघ्याला लागेल इतकं पाणीही पुढे आहे, म्हणून वर दुमडता येतील असेच कपडे घाला. काही खोल्यांत जमिनीला आरसे आहेत, तेव्हा साडी, परकर, फ्रॉक नको. आई सलवार घालायला तयार नव्हती, पण हे सांगितल्यावर लगेच ऐकलं. लेकीसाठी एक जोड जास्तीचा घ्या. मोठ्यांच्या गुडघ्याएवढं पाणी म्हणजे पोरांच्या मांड्यांपर्यंत येतं.

एका खोलीत जमीन गादीसारखी मऊ आहे, पाय टाकला की खोल रुततो. मुलं तिथे लोळतात, पण दुखऱ्या गुडघ्याला ती फार वाईट. मी तिथे कामाला असलेल्या मुलीला बाबांचा गुडघा दाखवला, तिने त्यांना बाजूच्या वाटेने पुढे नेलं. तुम्हीही आधीच विचारा, संकोच करू नका.

आणि मग कोई (तळ्यांत पाळतात ते रंगीत जपानी मासे) माशांची खोली येते. तुमचा निम्मा वेळ इथेच जाऊ द्या, असं मी मनापासून सांगेन. दुधट पाण्यात आपण उभे, आणि पाण्यावर प्रकाशाचे मासे पोहत असतात. मासा येऊन पायावर आपटला की त्याचं फूल होतं आणि पाकळ्या पसरत जातात. हे चित्रीकरण करून ठेवलेलं नाही. संगणक ते त्याच क्षणी रंगवत असतो, आणि खोलीत कोण कुठे उभं आहे त्यावर माशांची चाल बदलते. एकदा दिसलेलं चित्र पुन्हा कधीच तसंच उमटत नाही. बहुतेक लोक फोटो काढत खोली ओलांडतात. आम्हीही तसेच निघालो होतो. पण आई मधेच थांबली. पाणी पोटऱ्यांच्या वर आलं होतं, सलवार दोन्ही हातांनी वर धरलेली, नजर खाली. म्हणाली, "लावणीला शेतात उतरायचो ना, तेव्हा असेच बारके मासे पायाला लागायचे." लहानपणी ती आजोबांच्या भाताच्या लावणीला जायची, हे मला माहीत होतं. पायाला मासे लागायचे, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. मग आम्ही चौघंही न हलता उभे राहिलो आणि ती बोलत राहिली: पावसात भिजलेली इरली, बांधावर आलेली न्याहारी, पायाच्या बोटांना झालेल्या चिखल्या. लेक मासे मोजत होती. पंधरा-वीस मिनिटं तरी गेली असतील.

दिव्यांच्या लडींची आणि फुलांच्या घुमटाची खोलीही सुंदर आहे. घुमटात सरळ आडवं व्हा, बाबांच्या गुडघ्याला तिथे आराम मिळाला. डोळ्यांसमोर सगळं सरकत राहतं. कुणाला गरगरायला लागलं तर थोडा वेळ डोळे मिटायला सांगा.

बागेच्या भागात हजारो जिवंत ऑर्किड हवेत टांगलेली आहेत. आपण जवळ गेलो की ती वर उचलली जातात आणि आपल्यापुरती जागा होते. आईने एक फूल अगदी नाकाशी धरल्यासारखं पाहिलं आणि म्हणाली, "ही तर आपल्या आंब्यावरच्या सीतेच्या वेणीची भावंडं." खरंच आहे, तीसुद्धा ऑर्किडच.

२०२५च्या जानेवारीत तिथे उड्या मारण्याचा, चढण्याचा मोठा भाग वाढवला आहे. मुलांना तो जास्त आवडेल. तिथे एकाने लेकीसोबत जा, दुसऱ्याने आजी-आजोबांजवळ बसा. सगळं एकत्र करायचा हट्ट धरलात तर म्हातारी माणसं नक्की दमतील.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसांची टोकियोत खरी अडचण असते, साध्या भाजीच्या रस्स्यातही माशाचं पाणी असतं. आम्ही गेलो तेव्हा प्रदर्शनाच्या आवारातच व्हेगन रामेन (मांस-मासे, दूध-अंडी काही नसलेलं नूडल्सचं सूप) मिळत होतं. आईचा गुरुवार होता, तिने निर्धास्त खाल्लं.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, त्यावर आत जायची वेळ ठरलेली असते आणि दर दिवसागणिक बदलतो. शनिवार-रविवार टाळता आला तर टाळा आणि सकाळची पहिली वेळ मिळाली तर तीच घ्या. गर्दी वाढायच्या आत कोईंच्या पाण्यात पोचलात, तर आजी-आजोबांना निवांत उभं राहायला जागा मिळेल.