इंग्रजीतलं ‘स्टॅच्युएस्क’ (statuesque) म्हणजे पुतळ्यासारखं स्तब्ध का?

सहसा नाही. ‘बातमी ऐकून ती पुतळ्यासारखी उभी राहिली’ हे सांगायला तुम्ही स्टॅच्युएस्क वापरलंत, तर वाचणारा भलताच अर्थ घेईल. इंग्रजीत हे विशेषण बहुतेक वेळा उंच, भरल्या बांध्याच्या, डौलदार बाईला लावतात. त्यामागे कल्पना आहे ती जुन्या ग्रीक-रोमन संगमरवरी मूर्तींची. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली व्हीनस दि मिलो ही मूर्ती घ्या, 2 मीटरहून उंच आहे. त्यामुळे ठेंगण्या, नाजूक चणीच्या नटीला हा शब्द शोभत नाही, चेहरा कितीही रेखीव असो. पुरुषांसाठी तो क्वचितच येतो.

एक सांगतो, ओळखीच्या बाईला तोंडावर म्हणायला जाऊ नका. ‘धिप्पाड’ हे गोड करून सांगायलाही लोक हाच शब्द वापरतात.

स्तब्धतेचा अर्थ भेटतो तो ब्रिटिश फुटबॉलच्या वार्तांकनात. गोल होताना बचावफळी जागची हलली नाही की ‘स्टॅच्युएस्क डिफेंडिंग’ असा टोमणा मारतात. बागकामावर लिहिणारे मात्र डेल्फिनियमसारख्या उंच, ताठ फुलझाडांना कौतुकाने स्टॅच्युएस्क म्हणतात.

शब्दाची घडण ‘पिक्चरेस्क’च्या (picturesque, चित्रासारखं देखणं) धर्तीवरची, म्हणून शेवटच्या -que चा उच्चार ‘क’ करायचा, ‘क्यू’ नाही.