नातीचा दहावा वाढदिवस, आजोबांची पंचाहत्तरी

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. मुलगी मे महिन्याच्या शेवटी दहा वर्षांची होते आहे आणि त्याच आठवड्यात सासऱ्यांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत. सासू-सासरे मेच्या सुरुवातीला पुण्याहून येणार. मुलीला डिस्नेलँड पॅरिस हवं आहे आणि नवऱ्याला वाटतं, दोन्ही वाढदिवस तिथेच एकदम करावेत. नणंद जर्मनीहून थेट पॅरिसला यायला तयार आहे. नवरा आणि मुलगी ब्रिटिश पासपोर्टवर, सूनबाई अजून भारतीय पासपोर्टवर. सासरे रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आमचं काय, तुम्ही न्याल तिकडे येऊ." सुरुवात कुठून करू, असं या सूनबाई विचारतात.

सुरुवात सासऱ्यांच्या त्या वाक्यापासून करा, कारण ते उत्तर नव्हे. आपल्याकडची मोठी माणसं मुलांचा खर्च आणि रजा डोळ्यांपुढे आणून असं बोलतात. माझ्या आईच्या सत्तरीला तीही असंच म्हणाली होती आणि आम्ही तिला एका मोठ्या थीम पार्कात घेऊन गेलो. दिवसभर ती एका बाकावर बसून होती. शेजारी आम्हा सहा जणांची जॅकेटं, दोन सॅक, पाण्याच्या बाटल्या. आम्ही राइडवरून हसत यायचो, तिच्याकडून बाटली घ्यायचो आणि पुढच्या रांगेत जाऊन उभे राहायचो. संध्याकाळी केक कापताना ती म्हणाली, "छान झालं हो, मुलांना मजा आली." वाढदिवस तिचा होता. आम्ही तिला सामान राखायला बसवलं होतं, हे माझ्या लक्षात यायला घरी परत यावं लागलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: सहल एकच करा, पण वाढदिवस दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या ठिकाणी करा. नातीचा दिवस डिस्नेलँडमध्ये, आजोबांचा दिवस पॅरिस शहरात, आणि मध्ये एक दिवस काहीही न ठरवलेला. नवऱ्याला हे पटवून द्यावं लागेल, पण नणंद तुमच्या बाजूने बोलेल असं वाटतं. वडिलांची पंचाहत्तरी राइडच्या रांगेत उभं राहून साजरी करायला ती जर्मनीहून येत नाहीये.

आता कागदपत्रं, कारण सगळं इथेच अडतं. तुमच्या घरात पासपोर्ट दोन देशांचे आहेत, पण व्हिसाच्या वाटा तीन आहेत. नवऱ्याला आणि मुलीला फ्रान्समध्ये थोड्या दिवसांच्या सहलीसाठी व्हिसा लागत नाही. तुम्हाला शेंगेन व्हिसा, म्हणजे फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा लागेल. तो अर्ज इथून टीएलएस या अर्ज घेणाऱ्या कंपनीकडे करायचा. सासू-सासऱ्यांनाही शेंगेन लागेल, पण त्यांनी तो भारतातूनच घेऊन यायचा. पुष्कळ घरं नेमकी इथे फसतात. "आई-बाबा आले की इथूनच करू" असं ठरवतात आणि मग कळतं, की व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाचा अर्ज इथे साधारणपणे घेत नाहीत. तुम्ही ज्या देशात कायदेशीर राहता तिथून अर्ज करायचा, असा नियम आहे. अपवाद हवा असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं, आणि "फिरायला आलोय" हे सबळ कारण धरलं जाईल या भरवशावर राहू नका.

क्रमही महत्त्वाचा. यूकेचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी मागता येतो, म्हणजे मेच्या सुरुवातीला यायचं तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला अर्ज. तो हातात आला की लगेच फ्रान्सचा अर्ज व्हीएफएस या भारतात अर्ज घेणाऱ्या कंपनीमार्फत, कारण तुमचा प्रवास लंडनहून सुरू होणार असल्याने यूकेचा व्हिसा जोडता आला तर प्रश्न कमी उरतात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून चालतो आणि निदान १५ दिवस आधी द्यावाच लागतो, पण १५ दिवसांवर विसंबू नका. अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. मोठ्या माणसांची फी ९० युरो आहे, ती जून २०२४ पासून वाढली. तुमची तिघांची मिळून २७० युरो झाली, सेवा शुल्क वेगळं. यूकेचा व्हिजिटर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा आत येऊ देतो, त्यामुळे पॅरिसहून परतताना सासू-सासऱ्यांना अडचण यायला नको. नणंदेकडे जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड असेल तर तिला व्हिसा नको, पण पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं.

विमा शेंगेनसाठी लागतोच, किमान ३०,००० युरोचा. मात्र सासऱ्यांचा विमा केवळ अर्जाला जोडायचा कागद म्हणून घेऊ नका. बीपी, गुडघे, पूर्वी झालेलं ऑपरेशन, सगळं खरं लिहा. हप्ता थोडा वाढेल, पण गरज पडली तर तोच विमा उभा राहील. यूकेत राहणाऱ्यांना युरोपात सरकारी उपचार मिळवून देणारं तुमचं जीएचआयसी कार्ड त्यांना लागू होत नाही. गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा.

एक शाळेचं. मे अखेरच्या हाफ-टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीला, दोन दिवस जोडून घ्यायचा मोह होईल. इंग्लंडमध्ये परवानगीशिवाय पाच दिवस शाळा बुडाली तर दर पालकामागे ८० पौंड दंड होऊ शकतो, उशिरा भरला तर १६०. सहल सुट्टीतच बसवा. गर्दी असणार, कारण मे महिन्यात फ्रान्समध्येही १ आणि ८ तारखेच्या सुट्ट्या असतात, आणि असेन्शन व पेंटेकोस्ट हे सण इस्टरप्रमाणे पुढेमागे होतात. तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या.

प्रवासाच्या बाबतीत मात्र तुमच्या सासऱ्यांमुळे मला फार आनंद झाला. विमान विसरा, आगगाडीने जा. रेडिंगहून एलिझाबेथ लाइन थेट फॅरिंग्डनला येते, तिथे लिफ्ट आहे, आणि थेम्सलिंकने पुढचंच स्टेशन सेंट पँक्रास. तिथून समुद्राखालच्या बोगद्यातून फ्रान्सला जाणारी युरोस्टार सुटते. ती पूर्वी थेट डिस्नेलँडच्या दारात जायची, ती गाडी २०२३ मध्ये बंद झाली. आता फ्रान्समधल्या लील शहरात उतरून टीजीव्ही ही फ्रान्सची वेगवान गाडी धरायची, ती साधारण तासाभरात मार्न-ला-व्हाले शेसी स्टेशनवर नेते आणि समोरच पार्कचं फाटक. दोन गाड्यांमध्ये निदान तासभर ठेवा, म्हणजे आजोबांना घाई करावी लागणार नाही. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी सेंट पँक्रासलाच होते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे. बारा वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो घेतात. मोठ्यांना वेळ लागू शकतो, म्हणून स्टेशनवर लवकर पोचा.

आणि सासऱ्यांना गाडीत खिडकी द्या. १९९४ साली सुरू झालेला तो बोगदा सुमारे ५० किलोमीटरचा आहे, त्यातले ३८ किलोमीटर समुद्राखाली. ताशी ३०० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीच्या चालकाला रुळालगतचे दिवे वाचता येत नाहीत, म्हणून या मार्गावर वेगाची सूचना थेट त्याच्या समोरच्या पटलावर येते. ज्याने आयुष्यभर सिग्नल सांभाळले त्याला हे तुमच्यापेक्षा जास्त समजेल. नातीला त्यांच्या शेजारी बसवा आणि तिला ते समजावून सांगू दे. मला वाटतं, त्यांची पंचाहत्तरी तिथेच सुरू होईल.

डिस्नेलँड पॅरिस १९९२ मध्ये उघडलं, दुसरा पार्क २००२ मध्ये. दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट धरू नका. दोन दिवसांचं तिकीट घ्या, आणि आजी-आजोबांसाठी फक्त एका दिवसाचं. दुसऱ्या दिवशी ते हॉटेलवर आराम करतील, किंवा नणंदेसोबत फिरतील. तीन ते अकरा वर्षांच्या मुलांचं तिकीट वेगळं असतं, तुमची लेक त्यात बसते. तिकिटांचे दर तारखेप्रमाणे बदलतात.

मुलीची उंची आत्ताच दाराच्या चौकटीशी उभं करून मोजा. बिग थंडर माउंटनला १०२ सेंटिमीटर पुरतात, हायपरस्पेस माउंटनला १२० लागतात, पण इंडियाना जोन्सच्या नावाच्या राइडला १४० हवेत. दहा वर्षांची मुलं नेमकी या १४० च्या अलीकडे-पलीकडे असतात. वाढदिवसाच्या दिवशी रांगेच्या तोंडाशी परत पाठवलेलं मूल मी पाहिलं आहे, त्याचं रडू लवकर थांबत नाही. आधीच सांगून ठेवलंत तर ती दुसरं काही निवडेल.

आजोबांना त्या दिवशी करण्यासारखंही पुष्कळ आहे. पार्कभोवती वाफेच्या इंजिनाची आगगाडी फिरते, तिच्यात पहिल्यांदा त्यांना बसवा. होडीतून हळू जाणाऱ्या राइड आहेत, दुपारी परेड असते. प्रवेशद्वाराजवळ व्हीलचेअर भाड्याने मिळते. सासरे "मला काय झालंय" म्हणतील, तेव्हा जबरदस्ती करू नका. खुर्ची दुपारसाठी आहे, सकाळी तुम्ही चाला, असं सांगा. आत गेल्यावर पार्कातल्या सिटी हॉल नावाच्या माहिती कार्यालयात वाढदिवसाचा बिल्ला मागा आणि दोन मागा. नातीच्या फ्रॉकवर एक आणि आजोबांच्या स्वेटरवर एक.

रात्रीच्या आतषबाजीचं आधी बोलून ठेवा. मे अखेरीस पॅरिसमध्ये सूर्य मावळायलाच पावणेदहा वाजतात, खेळ त्यानंतर अंधार पडल्यावर. आजी-आजोबांना जेवून हॉटेलवर सोडा, आणि तुमच्यापैकी एकाने त्यांच्यासोबत राहा. सकाळपासून रात्री अकरापर्यंत त्यांना ताटकळत ठेवण्यापेक्षा हे बरं.

मग पॅरिस. आरईआर ए ही लोकल पार्कच्या स्टेशनवरून थेट शहरात नेते. शहरात मात्र मेट्रोच्या फार थोड्या स्टेशनांवर लिफ्ट आहे, त्यामुळे गुडघ्यांचा विचार करून बस धरा. पंचाहत्तरीची सकाळ गार द्यु नोर स्टेशनजवळच्या ला शापेल भागात घालवा. तिथे श्री माणिक्क विनायकर आलयम हे तमिळ लोकांनी १९८५ मध्ये स्थापलेलं गणपतीचं मंदिर आहे. दर्शन घेऊन आसपास इडली-डोसा खा. सासूबाईंना चार दिवसांनी सांबार-भात दिसल्यावर काय वाटेल हे मी सांगायला नको. दुपारी सीन नदीवर होडी आणि मग आयफेल टॉवर. वरच्या टोकापर्यंत न जाता लिफ्टने दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलात तरी पुरतं. १८८९ मध्ये उभा राहिलेला हा टॉवर १८,०३८ लोखंडी भाग आणि २५ लाख रिव्हेटांनी जोडलेला आहे. आजोबा आकडे विचारतील, नातीला ते पाठ करून ठेवू द्या.

औक्षण हॉटेलच्या खोलीत करणार असाल तर निरांजन पेटवू नका, धुराचा अलार्म असतो. तबकात सुपारी, सोन्याची अंगठी, कुंकू आणि अक्षता पुरेत. कणकेचे ७५ दिवे रेडिंगला परत आल्यावर घरी लावा, त्या वेळी मित्रमंडळींनाही बोलावता येईल. खाऊ नेताना लक्षात ठेवा, की यूकेतून युरोपात दूध-दुभतं आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, श्रीखंड, पनीर, तुपाचा डबा घरीच राहू द्या. चिवडा आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घ्या.

खर्चाबद्दल एवढंच, की सासरे हॉटेलचे पैसे देतो म्हणतील. ते देऊ द्या, निदान एका रात्रीचे. त्यांच्या वाढदिवसाचं जेवण त्यांनी घातलं असं त्यांना पुण्यात सांगता आलं पाहिजे.

या रविवारी पुण्याला फोन कराल तेव्हा "कुठे जायचं" असं विचारू नका. दोघांना आपापले पासपोर्ट कपाटातून काढायला सांगा आणि तारखा वाचून घ्या. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि युरोपातून निघाल्यानंतर निदान तीन महिने चालणारा. मग फोन सासऱ्यांकडे द्या आणि विचारा, समुद्राखालून जाणाऱ्या गाडीत त्यांना डावीकडची खिडकी हवी की उजवीकडची.