काट्यावरचे वजन आणि टोलचे वजन

प्रश्न : माझा मुलगा जर्मनीत स्टुटगार्ट येथे नोकरीस असून त्याने गेल्या वर्षी तेथे एक वापरलेले मोटरहोम (आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी) विकत घेतले आहे. येत्या मे महिन्यात आम्ही उभयता त्याच्याकडे जाणार आहोत. मुलगा, सूनबाई, नात आणि आम्ही दोघे असे पाच जण त्या गाडीतून ऑस्ट्रियामार्गे इटलीत, तेथून मोंब्लांच्या बोगद्यातून फ्रान्समध्ये आणि परतताना स्वित्झर्लंडमधून स्टुटगार्टला असा तीन आठवड्यांचा प्रवास करू. खर्चाचा हिशेब माझ्याकडे आहे. गाडीच्या कागदावर वजन ४,५०० किलो लिहिले आहे, पण मुलाने ती काट्यावर घातली तेव्हा ३,४६० किलोच भरली. ऑस्ट्रियात साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना ठरावीक मुदतीचा पास चालतो. मग सामान बेताचे नेऊन आम्ही तोच घ्यावा काय? बाकीच्या देशांत टोल कसा भरतात? किणीच्या नाक्यावर फास्टॅगने गाडी सुटते, तसा एकच टॅग तिकडे सगळीकडे चालतो काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पास घेऊ नये. आपल्या भागात वजनाचा विषय निघाला की डोळ्यांसमोर साखर कारखान्याचा काटा येतो. उसाची गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी अशी दोनदा काट्यावर चढते, फरकाचे पैसे होतात, आणि म्हणून काट्याचा आकडा हाच आपल्याला खरा वाटतो. युरोपातील टोलच्या हिशेबात मात्र त्या आकड्याला काहीही किंमत नाही. तेथे पाहतात ते गाडीचे अनुज्ञेय कमाल वजन, म्हणजे माणसे, पाणी, इंधन आणि सामान धरून ती गाडी जास्तीत जास्त किती भरावी म्हणून नोंदणीच्या कागदावर लिहिलेला आकडा. आपली गाडी रिकामी असो वा भरलेली, तिचा आकडा ४,५०० हाच राहतो. शिवाय ३,४६० हे वजन रिकाम्या गाडीचे दिसते. पाच माणसे बसली आणि पाण्याची टाकी भरली की ती आपोआपच साडेतीन टनांच्या पुढे जाईल.

युरोपीय संघातील देशांच्या नोंदणीपत्रावर हा आकडा एफ.१ आणि एफ.२ अशा दोन रकान्यांत असतो. पहिल्यात गाडीच्या बांधणीनुसार पेलणारे कमाल वजन असते, तर दुसऱ्यात नोंदणीच्या देशाने मंजूर केलेले. पुष्कळ गाड्यांचे हे दोन्ही आकडे सारखे असतात. काही जण मात्र गाडीचे मंजूर वजन कागदोपत्री साडेतीन टनांवर उतरवून घेतात, आणि अशा गाड्यांच्या बाबतीत ऑस्ट्रियाने १ डिसेंबर २०२३ पासून बांधणीचे वजन, म्हणजे एफ.१ चा आकडा, प्रमाण धरला आहे. मुलाकडून त्या कागदाचा फोटो मागवून हे दोन रकाने आपण स्वतः वाचावेत, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावरच बसतो.

जर्मनीत आपल्याला टोल नाही. तेथील टोल मालवाहतुकीच्या गाड्यांना आहे. १ जुलै २०२४ पासून तो साडेतीन टनांवरील मालट्रकांनाही लागू झाला, परंतु खासगी मोटरहोम त्यात येत नाही.

ऑस्ट्रियाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागेल. साडेतीन टनांच्या वरच्या प्रत्येक गाडीला तेथील मोटरमार्गांवर आणि द्रुतगती मार्गांवर किलोमीटरच्या हिशेबाने टोल द्यावा लागतो, आणि त्यासाठी ‘गो-बॉक्स’ नावाचे यंत्र घ्यावे लागते. हा साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, पांढरट रंगाचा डबा असतो आणि तो समोरच्या काचेला आतून चिकटवून ठेवतात. सीमेजवळच्या पेट्रोल पंपांवरील विक्रीकेंद्रांत तो मिळतो. त्याचे ५ युरो शुल्क परत मिळत नाही. गाडीचे नोंदणीपत्र दाखवावे लागते. इंजिन कोणत्या युरो प्रदूषणश्रेणीचे आहे यावर आणि आसांच्या (ॲक्सलच्या) संख्येवर दर ठरतो. श्रेणीचा पुरावा दिला नाही, तर सर्वांत महागडा दर लागतो. म्हणून जुन्या गाडीचा हा कागद मुलाने आधीच शोधून ठेवावा. आगाऊ पैसे भरून चालणारा आणि कार्डावरून नंतर वळते करून घेणारा असे दोन प्रकार आहेत. एकदाच जाणाऱ्यांना पहिला सोयीचा पडतो, कारण देश सोडताना डबा परत करून उरलेली रक्कम घेता येते. डबा मोटरमार्गावर चढण्यापूर्वी घ्यावा. पहिल्या कमानीखालून गेल्यानंतर नव्हे.

रस्त्यावर जागोजाग लोखंडी कमानी आहेत आणि प्रत्येक कमानीखालून जाताना डबा बोलतो. एकदा ‘पीक’ असा आवाज आला, तर टोल कापला गेला. दोनदा आला, तर टोल कापला गेला आहे, पण शिल्लक कमी झाल्यासारखी काही बाब पाहायला हवी. चारदा आला, तर टोल कापलाच गेलेला नाही. काहीच आवाज आला नाही, तर डब्यात बिघाड आहे असे समजून ताबडतोब चौकशी करावी. हे एवढ्या विस्ताराने लिहितो आहे त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी भाच्याच्या जड मोटरहोममधून आम्ही साल्झबुर्गहून दक्षिणेला फिलाखकडे चाललो होतो. मागे मुले गाणी म्हणत होती. डबा दोनदा वाजू लागला, तो मी ऐकला आणि टोल कापला जातोय एवढ्यावर समाधान मानले. त्या मार्गावरील टाउएर्न आणि काट्शबेर्ग या बोगद्यांच्या टप्प्याला नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त टोल आहे, ही गोष्ट माझ्या ध्यानातच नव्हती. पुढच्या एका कमानीखाली चार वेळा आवाज आला तेव्हा गाडीतली गाणी थांबली. ठरावीक तासांच्या आणि ठरावीक अंतराच्या आत विक्रीकेंद्रावर जाऊन राहिलेला टोल भरण्याची सोय तेथे आहे, म्हणून आम्ही पुढच्या पंपावर थांबून पैसे भरले आणि दंड टळला. आपला मार्ग ब्रेन्नर खिंडीतून जातो आणि तो टप्पाही असाच विशेष दराचा आहे. हलक्या गाड्या तेथे पासाऐवजी वेगळा टोल भरतात. आपल्या गाडीचा टोल डब्यातूनच कापला जाईल. तेव्हा इन्सब्रुकच्या अलीकडेच डब्यात पुरेशी शिल्लक आहे ना, ते पाहावे.

आणखी एक बारीक गोष्ट. डब्यावर एक बटण असते. ते दाबले की किती आसांची नोंद लावलेली आहे ते दिव्याने दिसते. मोटरहोमच्या मागे सायकली किंवा छोटी मोटार नेणारा ट्रेलर जोडला, तर त्याचे आसही मोजले जातात आणि ती नोंद चालकाने स्वतः बदलावी लागते. निघण्यापूर्वी रोज सकाळी ते बटण दाबून पाहण्याची सवय मला अत्यंत उपयोगी वाटते.

ब्रेन्नर ओलांडून इटलीत उतरलात की वजनाचा प्रश्नच संपतो. तेथे गाडीचा वर्ग आसांच्या संख्येवर आणि पुढच्या आसाजवळच्या उंचीवर ठरतो. दोन आस आणि पुढच्या चाकाशी १.३० मीटरपेक्षा जास्त उंची म्हणजे वर्ग बी; मग गाडी तीन टनांची असो वा साडेचार टनांची, टोल तोच. तीन आसांची गाडी असेल, तर वरचा वर्ग लागतो. मोटरमार्गावर चढताना यंत्रातून तिकीट घ्यायचे आणि उतरताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे, अशी तेथील बहुतेक ठिकाणची पद्धत आहे. ते तिकीट हिशेबनीस या नात्याने आपल्याच खिशात ठेवावे, कारण हरवले तर सर्वांत लांबच्या नाक्यापासूनचा टोल आकारला जातो. पिवळ्या पाटीच्या लेन केवळ टॅगवाल्यांसाठी, निळ्या कार्डासाठी आणि हाताच्या चित्राच्या पांढऱ्या पाटीच्या लेन रोख पैशांसाठी असतात.

मोंब्लांचा बोगदा ११.६ किलोमीटरचा असून त्याचा टोल मोटरमार्गापासून अगदी वेगळा आणि चांगलाच भारी आहे. येण्याजाण्याचे तिकीट एकदम काढले, तर दोन एकेरी तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. आपण परत त्या वाटेने येणार नसल्याने त्याचा आपल्याला उपयोग नाही. दुरुस्तीसाठी हा बोगदा अलीकडच्या काही वर्षांत सलग आठवडेच्या आठवडे बंद ठेवला गेला होता, तेव्हा तारखा ठरविण्यापूर्वी तो उघडा आहे ना, हे मुलाने पाहून घ्यावे.

फ्रान्समध्ये वजन पुन्हा डोके वर काढते. उंची दोन ते तीन मीटर आणि वजन साडेतीन टनांपर्यंत असेल, तर वर्ग २. दोन आसांची गाडी साडेतीन टनांच्या वर गेली किंवा तीन मीटर उंच झाली, तर वर्ग ३. आणि तीन आस असतील, तर वर्ग ४. आपली गाडी वर्ग ३ मध्ये बसते. नाक्यावरील यंत्र गाडीची उंची आणि आस मोजते, कागदावरचे वजन त्याला दिसत नाही. त्यामुळे तीन मीटरपेक्षा कमी उंचीच्या जड गाडीला ते कधीकधी वर्ग २ चा दर लावते आणि अनेक जण तो मुकाट्याने भरून पुढे जातात. माझा सल्ला असा, की मदतीचे बटण दाबून योग्य वर्ग सांगावा. कोल्हापूरने शहरातला टोल रद्द करून घेतला तो वर्षानुवर्षे उघडपणे रस्त्यावर उतरून. यंत्राच्या चुकीआड लपून नव्हे. याउलट, छतावरच्या वातानुकूलन यंत्रामुळे हलकी गाडीही तीन मीटर भरते आणि तिला वर्ग ३ चा दर लागतो, हेही तेथे घडते. दोन मीटर उंचीचा आडवा दांडा असलेल्या लेनमध्ये मात्र चुकूनही शिरू नये. काही मार्गांवर आता नाकेच उरलेले नाहीत. मध्य फ्रान्समधील ए-७९ आणि नॉर्मंडीकडे जाणारे ए-१३ व ए-१४ या मार्गांवर कॅमेरे गाडीची नंबरपाटी टिपतात आणि ७२ तासांच्या आत संकेतस्थळावर टोल भरावा लागतो. आपल्या वाटेवर ते नाहीत. परंतु बेत बदलून पॅरिसकडे वळलात, तर हे लक्षात असू द्यावे.

स्वित्झर्लंडची रीत आणखी निराळी आहे. हलक्या गाड्या वर्षाचे ४० फ्रँक भरून पास घेतात. साडेतीन टनांवरील मोटरहोमने तो पास घ्यायचा नसतो. त्याऐवजी दिवसांप्रमाणे ठोक आकार भरायचा असतो. तो केवळ मोटरमार्गांना नव्हे, तर देशातील सर्व सार्वजनिक रस्त्यांना लागू आहे, त्यामुळे गावातल्या रस्त्याने गेलो म्हणून तो चुकत नाही. दर दिवसाला ३.२५ फ्रँक असून किमान २५ फ्रँक भरावेच लागतात. वर्षभरात आपण निवडू त्या सुट्या दहा दिवसांसाठी ३२.५० फ्रँक पडतात. म्हणजे चार-पाच दिवसांच्या मुक्कामाला जड गाडीचा खर्च हलक्या गाडीपेक्षा कमीच येतो. ही रक्कम सीमा ओलांडण्यापूर्वी मोबाइलवरील अॅपमधून भरता येते किंवा सीमेवरील कस्टम कार्यालयात भरता येते.

आता एकाच टॅगविषयी. फास्टॅग १६ फेब्रुवारी २०२१ पासून देशभर सक्तीचा झाल्याने तशी अपेक्षा स्वाभाविक आहे. फ्रान्स, इटली, स्पेन आणि पोर्तुगाल या देशांत मिळून चालणारे टॅग खासगी गाड्यांना मिळतात, पण ते ऑस्ट्रियातल्या गो-बॉक्सचे काम करत नाहीत, आणि त्यांतले काही साडेतीन टनांच्या पुढील गाडीला दिलेही जात नाहीत. टॅग मागवताना गाडीचे वजन आणि आस स्पष्ट कळवावेत. एका फेरीसाठी मी टॅगच्या मागे लागणार नाही. कार्ड आणि थोडे सुटे युरो पुरतात. आपले भारतीय कार्ड वापरणार असाल, तर त्याचा परदेशातील वापर बँकेच्या अॅपमधून आधी सुरू करून घ्यावा, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार तो मुळात बंद असतो. आणि दोन वेगवेगळी कार्डे जवळ ठेवावीत; मागे गाड्यांची रांग लागलेली असताना यंत्राने एकुलते एक कार्ड नाकारले, की माणूस फार गोंधळतो.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात इटलीत भाड्याचे मोटरहोम चालवताना आम्ही चुकून टॅगच्या लेनमध्ये शिरलो. यंत्रातून एक चिठ्ठी आली आणि दांडा उघडला. ती चिठ्ठी म्हणजे पावती असे समजून आम्ही पुढे गेलो. आता गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीचे पत्र आले असून त्यात तिने स्वतःचे शुल्कही लावले आहे. ते द्यावे काय?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ती पावती नव्हती, टोल भरलेला नाही अशी नोंद होती, आणि तो १५ दिवसांच्या आत भरायचा असतो. मुदत उलटली की जादा आकार चढतो. कंपनीचे शुल्क करारात लिहिलेले असेल, तर ते द्यावेच लागेल. करारपत्र काढून ते कलम वाचावे. मूळ टोल मात्र चिठ्ठीवरील क्रमांकाने त्या रस्त्याच्या चालक संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरावा आणि भरल्याचा कागद जपून ठेवावा. अशा लेनमध्ये शिरल्यावर गाडी मागे घेऊ नये, हे आपण बरोबर केलेत. मागे घेणे धोक्याचे तर आहेच, शिवाय त्याला जबर दंडही आहे.

प्रश्न : माझ्याकडे हलक्या मोटारीचा भारतीय परवाना आहे. तिकडे जावयाच्या पाच टनी मोटरहोमवर आळीपाळीने गाडी चालवता येईल काय?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नाही. आपल्याकडे हलक्या मोटारीची मर्यादा ७,५०० किलोपर्यंत जाते, त्यामुळे हा गैरसमज सहज होतो. प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय परवान्यावर मात्र बी वर्गाची मर्यादा ३,५०० किलो अशी छापलेलीच असते, आणि येथेही धरतात ते अनुज्ञेय कमाल वजनच. पाच टनी गाडीसाठी जर्मनीत सी-१ वर्ग लागतो. तो जावयांकडे आहे ना, हेही विचारून घ्यावे. राजारामपुरीच्या वाचकांनीही आपल्या मुलाला हाच प्रश्न विचारावा. १९९९ पूर्वी काढलेल्या जर्मन परवान्यांवर साडेसात टनांपर्यंतची मुभा आहे, त्यानंतरच्या साध्या बी परवान्यावर नाही.