विषाच्या आधी की नंतर?

प्रश्न : मी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गावाकडे काविळीला भुईआवळी देतात, ते बघून विषारी रसायनांपासून यकृत वाचवणाऱ्या औषधांवर संशोधन करावंसं वाटतं. बाबा म्हणतात, एमबीए कर. काय करू? – सायली, लातूर

उत्तर : सायली, एम.फार्म. कर, विषय फार्माकॉलॉजीच (औषधशास्त्र) घे. जीपॅट ही प्रवेश परीक्षा मनापासून दे, त्यावर शिष्यवृत्तीही मिळते. पण प्रवेश घेण्याआधी गाइडना एक विचार : ‘औषध विषाच्या आधी देता की नंतर?’

आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांचा साचा एकच. पांढऱ्या उंदरांना आठवडाभर वनस्पतीचा अर्क पाजायचा, मग कार्बन टेट्राक्लोराइड द्यायचं आणि रक्तातलं, यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी मोजायचं. आता बघ, हे रसायन खरं घातक होतं ते यकृतातल्या सीवायपी२ई१ या विकरामुळे. अर्काने ते विकरच दाबलं, तर विष पुरतं तयारच होत नाही. एसजीपीटी कमी येतं, आणि अर्क ‘यकृतरक्षक’ ठरतो! दवाखान्यात येणारा माणूस मात्र विष पोटात गेल्यावर येतो.

पॅरासिटामॉलचं उदाहरण घे. अतिमात्रा झाली की त्यापासून बनणारं एनएपीक्यूआय हे विषारी द्रव्य यकृतातला ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याचा साठा संपवतं. एन-ॲसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध तो साठा पुन्हा भरतं. पहिल्या ८ तासांत दिलं तर यकृत जवळजवळ नक्की वाचतं. त्या वेळी रुग्णाला नुसती मळमळ असते, कधी तीही नसते, आणि तिथेच उशीर होतो. उंदीर मारायच्या काही पेस्टमधल्या पिवळ्या फॉस्फरसवर तर आजही खात्रीचा उतारा नाही. दोन-तीन दिवस पोरगं बरं दिसतं, घरचे निर्धास्त होतात, आणि मग डोळे पिवळे पडतात. या कामाला माणसं हवीत, गं.

भुईआवळीवरही काम कर, फक्त कावीळ आणि विषबाधा एकाच मापाने मोजू नकोस. पॅथॉलॉजिस्टजवळ बसून यकृताच्या स्लाइड वाचायला शीक. मध्यवर्ती शिरेभोवतीच्या मेलेल्या पेशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, नुसत्या तक्त्यावर विसंबू नकोस.

बाबांना सांग, नवं औषध माणसाला देण्याआधी यकृतावरचा परिणाम तपासावाच लागतो. त्यामुळे कंपन्यांचे विषशास्त्र विभाग, चाचणी प्रयोगशाळा, फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख) इथे नोकऱ्या आहेत. पगार सुरुवातीला बेताचा असेल, हेही सांग.

आणि एखादे गाइड म्हणाले, ‘आम्ही विष दिल्यावर सहा तासांनी औषध देतो, निम्मे प्रयोग फसतात,’ तर त्यांच्याकडेच प्रवेश घे.